पंचवीस करंज्यांची खंडणी

डिसेंबर लागला की आमच्या घरी सगळ्यात आधी नाचणी पेरली जायची. करवंट्यांत, कान तुटलेल्या कपांत, बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात. नाताळपर्यंत बोटभर हिरवे कोंब वर यायला हवेत, तरच येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यातल्या मेंढरांना कुरण मिळणार. आठ तारखेच्या आत पेरली पाहिजे, हा आजीचा हिशेब. उशीर झाला तर मेंढरं उपाशी, आणि पाप पेरणाऱ्याच्या माथी. त्यामुळे वसईच्या आमच्या वाडीत, केळी आणि पानवेलींच्या मधल्या त्या घरात, मी आणि माझा भाऊ रोज सकाळी दात घासायच्या आधी करवंट्यांवर पाणी शिंपडत असू.

मग बांबूच्या कामट्यांचा तारा. पतंगाचा कागद, भाताची खळ, आत साठ वॅटचा दिवा. तारा एका बाजूला कलंडलेलाच व्हायचा आणि बाबा दरवर्षी म्हणायचे, वाऱ्याने झालं. स्वयंपाकघरात करंज्या, शंकरपाळ्या, कुलकुल. कुलकुल वळायला काट्याची किंवा फणीची पाठ लागते. आमच्याकडे त्यासाठी एक नवी कोरी फणी होती, ती वर्षभर कपाटात आणि आठवडाभर पिठात. लाल लुगडं नेसलेली आजी चुलीशी, देवळातल्या मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी आणलेले आमचे नवे कपडे ट्रंकेत. आणि ओटीच्या कोपऱ्यात, गवताने शाकारलेला, कापसाचा बर्फ पडलेला आमचा गोठा. वसईत बर्फ पडत नाही, बेथलेहेमातही क्वचितच. पण कापूस होता म्हणून पडला.

१९८७ साली मी अकरा वर्षांची होते. बावीस डिसेंबरच्या सकाळी गव्हाणीतलं बाळ गायब झालं.

मारिया होती, योसेफ होता, गाढव होतं, एक पाय मोडलेला उंट होता. मधल्या जागी गवतावर वहीतून फाडलेला कागद. अक्षर डाव्या हाताने काढलेलं, ओळखू येऊ नये म्हणून. मजकूर असा, की बाळ सुखरूप आहे, पंचवीस करंज्या आणि लवंगी फटाक्यांची एक माळ विहिरीच्या काठावर ठेवावी, मोठ्या माणसांना सांगू नये. करंज्यांमध्ये ‘ज्या’च्या ऐवजी ‘जा’ लिहिला होता, त्यावरून भावाने चोर ताबडतोब ओळखला. शेजारच्या वाडीतला आमचाच एक आतेभाऊ आणि त्याचे तीन सवंगडी.

मी रडले. आई चिडली. आजीने कागद आईकडून वाचून घेतला आणि काहीच झालं नसल्यासारखी पुन्हा चुलीकडे वळली. ती म्हणाली, “बाळ चोवीसच्या मध्यरात्री येतं. आज बावीस. तू त्याला आधी ठेवलंस हीच चूक. रिकामी गव्हाण बरोबर आहे.” धर्मशास्त्राच्या बाजूने तिचं म्हणणं पक्कं होतं. बाळाची मूर्ती मिस्सेनंतर ठेवायची, ही जुनी रीत आईने मोडली होती. चोरांनी ओलीस धरलं होतं ते असं काही, ज्याची आणखी दोन दिवस घराला गरजच नव्हती.

चोवीसच्या रात्री मिस्सेहून परतलो. थंडीत चालून पाय गारठलेले, पोटात भूक. दिवा लावला तर बाळ गव्हाणीत. आजी म्हणाली, “देवाला घाबरले.” तिची ती विजयी मुद्रा मला अजून दिसते. इंद्यालाच्या कालवणाबरोबर तळलेले फुगे खाताना तिने हे वाक्य तीनदा म्हटलं.

खरं काय ते पुढच्या नाताळात कळलं. आईने तेवीस तारखेला मागच्या दाराने पंचवीस करंज्या मोजून दिल्या होत्या. फटाक्यांच्या माळेवर घासाघीस करून अर्धीवर तोडपाणी केलं होतं. आणि कोणाला सांगू नका, असं उलट तिनेच पोरांना बजावलं होतं. पोरांनी कसलं ऐकायला! १९८८ला मागणी पन्नास करंज्यांवर गेली आणि टोळी आमच्या घरावर थांबली नाही. एका घरचा मेंढपाळ गेला, एका घरचे तिन्ही राजे. प्रत्येक घरातल्या बाईने गुपचूप करंज्या दिल्या आणि प्रत्येकीला वाटलं, हे संकट आपल्याच घरावर आलंय. रविवारी देवळाबाहेर कोणीतरी सहज म्हणालं की यंदा करंज्या लवकर संपल्या. मग दुसरी म्हणाली, आमच्याही. पाच मिनिटांत सगळा उलगडा झाला आणि चार पोरांच्या पाठी लाल झाल्या. त्या टोळीचा म्होरक्या आज आमच्या भागातल्या गोठा-स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो.

ही गोष्ट मी घरात शंभरदा सांगितली असेल. पण तिचा माझ्या नोकरीशी काही संबंध आहे, हे ध्यानात यायला सत्तावीस वर्षं लागली.

नोकरी मुंबईत, फोर्टमधल्या एका कचेरीच्या संगणक विभागात. नाताळची रजा मागितली की साहेब म्हणायचे, “घ्या, पण फोन चालू ठेवा.” कारण आमच्या धंद्यातली बहुतेक विघ्नं सुट्टीच्या दिवशी येतात. हल्लेखोर कॅलेंडर बघूनच कामाला लागतो; कचेरीत चार माणसं असताना दार फोडणं सोपं. नाताळ आणि संगणकी उपद्व्याप यांचं नातं जुनंच. आमचं बाळ चोरीला गेलं त्याच डिसेंबरात, १९८७ साली, जर्मनीतल्या क्लाउस्थालच्या तंत्रविद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने एक छोटा प्रोग्राम सोडला होता. उघडला की पडद्यावर फुल्यांनी काढलेलं नाताळचं झाड दिसायचं आणि तोवर तो तुमच्या यादीतल्या सगळ्यांना स्वतःची प्रत धाडून मोकळा व्हायचा. आयबीएमचं अंतर्गत जाळं त्याने तुंबवून टाकलं. त्यात मागणी काहीच नव्हती, निव्वळ खोडी. मागणी दोन वर्षांनी आली. डिसेंबर १९८९मध्ये जोसेफ पॉप नावाच्या जीवशास्त्रज्ञाने एड्सविषयी माहिती म्हणून सुमारे वीस हजार फ्लॉपी टपालाने पाठवल्या. संगणक ठरावीक वेळा सुरू झाला की फाइलींची नावं कुलूपबंद, आणि सुटकेसाठी १८९ डॉलर पनामातल्या टपालपेटीवर. खंडणी मागणारं पहिलं सॉफ्टवेअर म्हणून त्याचं नाव घेतात. तेव्हा टपालपेटी तरी होती.

माझं डोकं खरं तापलं ते २०१४ साली.

चोवीस नोव्हेंबरला सोनी पिक्चर्सच्या अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांच्या पडद्यांवर लाल कवटी आली. मग कंपनीचं पोट फाडून बाहेर काढावं तसं सगळं बाहेर येत गेलं: प्रदर्शित न झालेले चित्रपट, पगारांच्या याद्या, साहेबांनी नटनट्यांविषयी लिहिलेल्या खासगी इमेल. लोक ते चवीने वाचत होते, मीही वाचलं. त्याची मला आजही लाज वाटते. गंमत म्हणजे तीन दिवस आधी अधिकाऱ्यांना आलेल्या धमकीच्या इमेलमध्ये नुसते पैसेच मागितले होते. चित्रपटाचं नाव नंतर पुढे आलं. तो चित्रपट म्हणजे ‘द इंटरव्ह्यू’. उत्तर कोरियाच्या किम जोंग उनला मारायला निघालेल्या दोन टीव्हीवाल्यांचा फार्स. प्रदर्शनाची तारीख पंचवीस डिसेंबर.

सोळा डिसेंबरला धमकी आली, ती अकरा सप्टेंबर २००१ची आठवण करून देत. थेटरांच्या मोठ्या साखळ्यांनी हात वर केले. सतरा तारखेला सोनीने नाताळचं प्रदर्शन रद्द केलं. अभिनेता जॉर्ज क्लूनीने कंपनीच्या पाठीशी उभं राहण्यासाठी एक निवेदन फिरवलं होतं. त्याच्याच सांगण्यानुसार त्यावर एकानेही सही केली नाही. एकोणीसला एफबीआयने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं आणि त्याच दिवशी अध्यक्ष ओबामा म्हणाले की सोनीने चूक केली.

मी तेव्हा वसईत, ओटीवर गोठा मांडत होते. भावाशी कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणत होता, “थेटरात एखादा बॉम्ब फुटला असता तर तू जबाबदारी घेतली असतीस का?” माझं म्हणणं, आज एका फार्सवर पाणी सोडलं की उद्या कुठलाही माथेफिरू कुठल्याही पुस्तकाचं नाव घेईल. मला एकदम पन्नास करंज्या आठवल्या. एकदा दिलं की आकडा वाढतो आणि शेजारच्या घरांनाही भुर्दंड बसतो. हे मी मोठ्या आवेशात बोलले. आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. सत्तावीस वर्षांनी लेक आपल्याच करंज्यांवर भाषण ठोकतेय हे तिला कळलं असणारच, पण ती काही बोलली नाही.

तेवीसला सोनीने पुन्हा पलटी खाल्ली. चोवीसला चित्रपट इंटरनेटवर आला, नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या तीनशेहून अधिक छोट्या, स्वतंत्र थेटरांत लागला. मोठ्या साखळ्यांना जे जमलं नाही ते एकएकट्या थेटरमालकांनी केलं. बॉम्बबिंब काही फुटला नाही. आणि त्याच नाताळच्या दिवशी दुसऱ्याच एका टोळीने प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सचे ऑनलाइन खेळ बंद पाडले. नवा खेळ भेट मिळालेली जगभरातली पोरं पडद्याकडे बघत बसली. त्यांना आवरायला किम डॉटकॉम या उद्योजकाने आपल्या सेवेची तीन हजार फुकट व्हाउचरं देऊ केली आणि टोळीने हल्ला थांबवल्याचं जाहीर केलं. सरळ सरळ करंज्यांचा व्यवहार!

‘द इंटरव्ह्यू’ मी नंतर पाहिला. टुकार आहे. पण तो टुकार आहे हे ठरवायचा अधिकार माझा, एवढ्यासाठी मी तेव्हा भांडले होते, आणि त्या मतावरून मी अजून हललेली नाही.

सोनीवर हल्ला करणारी जी टोळी हॉलिवूडची गंमत वाटली होती ती पुढे दाराशी आली. अमेरिकेने सोनीवरच्या हल्ल्यासाठी, बांगलादेश बँकेतून २०१६ साली उडवलेल्या ८.१ कोटी डॉलरसाठी आणि २०१७च्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरसाठी एकाच उत्तर कोरियन प्रोग्रामरवर २०१८ साली आरोप ठेवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले. त्यातले सुमारे ७८ कोटी २८ देशांतल्या एटीएममधून, बाकीचे देशातल्या एटीएममधून आणि हाँगकाँगच्या एका खात्यात. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ही चोरीही उत्तर कोरियाच्याच खात्यावर मांडली. तिथे शरण जायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी विचारलंच नाही.

आणि मग डिसेंबर २०१८. भावाचा छोटा छापखाना आहे. डिसेंबर म्हणजे त्याचा सुगीचा महिना: लग्नपत्रिका, दिनदर्शिका, नाताळची शुभेच्छापत्रं. एका सकाळी सगळ्या फाइलींच्या शेपटाला अगम्य अक्षरं चिकटलेली आणि पडद्यावर इंग्रजीत निरोप. त्याने मला फोन केला. मी तज्ज्ञाच्या तोऱ्यात सांगितलं, एक पैसा देऊ नकोस, बॅकअप लाव. बॅकअप होता, पण ती डिस्क त्याच संगणकाला कायमची जोडलेली, म्हणून तीही कुलूपबंद. मी म्हटलं, गेलं ते गेलं, नव्याने बसव. एकशे साठ लग्नांच्या पत्रिका नव्याने बसव, असं मी फोर्टमधल्या वातानुकूलित खोलीत बसून सांगत होते.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला, सगळं ठीक झालं, एका ओळखीच्या पोराने फाइली सोडवून दिल्या. मी त्या पोराचं कौतुक केलं.

२०२०च्या नाताळात रात्रीची संचारबंदी होती. मिस्सा संध्याकाळीच आटोपली, पाहुणे नाहीत, म्हातारा नाही. इतर वर्षी एकतीसला आमच्याकडची पोरं जुन्या शर्टपँटीत पेंढा भरून म्हातारा करतात, त्याला रस्त्यात आडवा घालतात आणि त्याच्या क्रियाकर्माची वर्गणी वसूल केल्याशिवाय सायकल पुढे सोडत नाहीत. गावाने मान्य केलेली ही खंडणी. त्या वर्षी तीही नाही. रात्र मोकळी पडली आणि भाऊ बोलता बोलता बोलून गेला. पोरगाबिरगा कोणी नव्हता. अंधेरीच्या एका माणसाकडून बिटकॉइन घेऊन त्याने चाळीस हजार भरले होते. दोन दिवसांत किल्ली आली, शेवटच्या पत्रिकेपर्यंत सगळं उघडलं.

माझा पहिला राग त्याने पैसे दिले याचा नव्हता. मला सांगितलं नाही याचा होता. मग लक्षात आलं की मी ऐकलंच नसतं. माझा सल्ला मानला असता तर त्याचा त्या वर्षीचा धंदा बुडाला असता आणि मी तत्त्वाने जिंकले असते. त्या रात्रीपासून मी या विषयावर जरा हळू आवाजात बोलते.

शरण जाण्याबद्दल आपण मराठी माणसं तशी एकाच बाजूने इतिहास वाचतो, वसूल करणाऱ्याच्या. चौथाई हा शब्द आपल्याला अभिमानाने माहीत आहे, भरणाऱ्याच्या घरातून तो कसा ऐकू येत असेल हे बंगालला विचारावं. तिथल्या नवाब अलिवर्दीखानाने दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांशी झुंज दिली आणि १७५१ साली वर्षाला बारा लाख कबूल करून प्रकरण मिटवलं. आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर वसईचा किल्ला आहे. १७३९च्या मे महिन्यात पोर्तुगीजांनी चिमाजी अप्पांपुढे शस्त्रं ठेवली, आठ दिवसांत चीजवस्तू घेऊन निघून जायचं ठरलं, आणि ते गेले. पण तिथे समोरच्याला नाव होतं, गाव होतं, तहावर उमटवायला शिक्का होता. शब्द मोडला तर कोणाकडे बघायचं हे ठाऊक होतं.

आजच्या टोळ्याही शब्दाला जागण्याचं नाटक हौसेने करतात. १८ डिसेंबर २०२२ला टोरोंटोच्या लहान मुलांच्या रुग्णालयावर हल्ला झाला. एकतीसला लॉकबिट टोळीने चक्क माफी मागितली, आमच्या एका जोडीदाराने नियम मोडला म्हणून किल्ली फुकट दिली. नाताळबाबाच जणू! पुढे फेब्रुवारी २०२४मध्ये ब्रिटिश पोलिसांनी आणि इतरांनी याच लॉकबिटचे सर्व्हर ताब्यात घेतले, तेव्हा ज्यांनी पैसे भरून आपली माहिती पुसून टाकायला लावली होती त्यांची माहितीही तिथे जशीच्या तशी सापडली. अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइनने २०२१मध्ये ४४ लाख डॉलर मोजले. मिळालेली किल्ली इतकी मंद चालत होती की शेवटी कंपनीला स्वतःच्याच बॅकअपचा आधार घ्यावा लागला. बऱ्याचशा रकमेचा माग काढून सरकारने ती परत मिळवली, कारण कंपनीने लगेच एफबीआयला कळवलं होतं.

उलट टोक म्हणजे ब्रिटिश लायब्ररी. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस तिथे कुलूप पडलं, मागणी वीस बिटकॉइनची. लायब्ररीने दिली नाही. टोळीने कर्मचाऱ्यांची आणि वाचकांची माहिती उधळली. त्या नाताळात जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एकाची सूची बंद होती. ती १५ जानेवारी २०२४ला अर्धीमुर्धी परत आली. नुकसान भयंकर. पण मार्चमध्ये त्यांनी आपल्या चुकांचा अहवाल स्वतः छापून सर्वांसमोर ठेवला: कुठलं दार उघडं राहिलं असावं, कुठली जुनी यंत्रणा बदलायला हवी होती, सगळं. मी तो अहवाल वाचला तेव्हा देवळाबाहेरची ती पाच मिनिटं आठवली. आईच्या करंज्या मी केव्हाच माफ केल्या आहेत. अकरा वर्षांच्या रडणाऱ्या पोरीसाठी कोणतीही आई देईल. पण तिने तेवीस तारखेलाच शेजारणीला हाक मारून सांगितलं असतं, तर पुढच्या वर्षी तिन्ही राजे जागेवर राहिले असते.

भावाने चाळीस हजार दिले ते मला आज चूक वाटत नाही. त्याने तक्रार केली नाही, ती मात्र शंभर टक्के चूक. तेव्हा कुठे जायचं हे त्याला माहीत नव्हतं. आता सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीसाठी १९३० हा नंबर आहे. पैसे भरून झाले असतील, लाज वाटत असेल, तरीही लावावा.

हा मागोवा लिहिण्याआधी मी त्याला विचारलं, तुझी गोष्ट सांगू का. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सांग. छापखान्याचं नाव घालू नकोस, आणि यंदा करंज्या माझ्या घरी दोन डबे पाठव.” दोन्ही अटी मी मान्य केल्या आहेत.